मंडईपर्यंत बोलायचं नाही

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, असं माझी सासू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असते, आणि तिचं काही खोटं नाही. नणंदेसाठी साडी आणली की ती तिच्या हातात पडायच्या आधीच मी फोनवर रंग सांगून मोकळी होते, काठासकट. नवरा भंडाऱ्याहून घरी यायला निघाला की मला काही सांगायचं टाळतो, कारण त्याची एसटी पवनीला टेकेपर्यंत ती बातमी आमच्या गल्लीत फिरून परत आलेली असते.

पण नोकरीत माझं तोंड शिवलेलं असतं. मी मुलांच्या विभागातली नर्स. त्यातही मोठ्या होत जाणाऱ्या मुलांची तपासणी माझ्याकडे, म्हणजे सहावी-सातवीपासून पुढची सगळी फौज. त्यांची उंची, वजन, डोळे, दात, पाठीचा कणा बघायचा आणि मग आईबापाला थोडं लांब बसवून मुलाशी बोलायचं. ते जे सांगेल ते आपल्यापाशी ठेवायचं. कुणाच्या जिवाला धोका असेल तर गोष्ट वेगळी, एरवी ब्र काढायचा नाही. हा नियम ज्याने कोणी केला त्याला माझ्यासारखी बाई माहीत नसणार.

तान्हं बाळ परवडलं. भूक लागली की रडतं, दुखलं की रडतं, सरळ व्यवहार. ही मोठी होणारी पोरं म्हणजे डोक्याला ताप. "कसा हायेस?" "काही नाही." "पोट दुखते का?" "काही नाही." "कोनासंग मारामारी झाली का?" "काही नाही." डोळा सुजून कवठाएवढा झालेला असतो, तरी काही नाही! उंची मोजताना मुली पोक काढतात आणि मुलगे टाचा उचलतात. मी टाचेखाली बोट सरकवून बघते. वर्गातली सगळ्यात बुटकी पोरं तर केसांना पाणी लावून कोंबड्यासारखा तुरा उभा करून येतात. तो तुरा मी पट्टीने दाबते तेव्हा त्यांचं तोंड बघण्यासारखं होतं.

ही गोष्ट गेल्या दिवाळीच्या आधीची. आसगावच्या बाजूला एक गाव आहे, तिथल्या शाळेत आमची तपासणी ठरली होती. आदल्या दिवशी दुपारी माझा फोन वाजला.

"तुमी उद्या शाळेत येऊन राहिल्या म्हनते," पलीकडून बारीक, किनरा आवाज आला. "आमच्या नातवाले बोलाले लावू नोका बरं."

"आजी," मी म्हटलं, "तपासा लागन त बोला लागनच ना. सगळ्याच पोरायले बोलावतो आम्ही."

मग तोच आवाज आणखी वर चढला. "आजी कोनाले म्हनता? मी मिशावाला मानूस हाय! दंडारीतला राजा हाय मी!"

आणि फोन कट. मला हसू आवरेना आणि लाजही वाटली. सासूला सांगितल्यावर तीच म्हणाली, तो म्हातारा म्हणजे त्या गावच्या दंडारीचा म्होरक्या, सगळा तालुका ओळखतो त्याला. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते, म्हणजे एका दिवसाची जत्राच. धान कापणीला आलेलं असतं, लेकीबाळी माहेरी आलेल्या असतात आणि दुपारी दंडार रंगते. गावातलेच शेतकरी नाचतात, गातात, सोंगं घेतात. बायांची सोंगं पुरुषच घेतात, ती पहिल्यापासूनची रीत. त्या गावच्या दंडारीतला राजा म्हणजे हा म्हातारा. सगळे त्याला आबाजी म्हणतात.

दुसऱ्या दिवशी शाळेत पोचलो. व्हरांड्यात वजनकाटा मांडला, उंचीची पट्टी भिंतीला टेकवली. नववीचा वर्ग आला. दहा-बारा कोंबड्यांचे तुरे दाबून झाले आणि पुढे एक पोरगा उभा राहिला, शेवग्याच्या शेंगेसारखा. पँट घोट्याच्या वर चार बोटं. पावलं एवढी मोठी की चपलांतून टाचा बाहेर. वरच्या ओठावर पिवळंधमक काहीतरी फासलेलं.

"नाव काय रे?"

गप्प.

"नाव सांग ना बापा, लिहा लागते."

त्याने मागे बघितलं. अख्ख्या वर्गाने एका सुरात त्याचं नाव सांगितलं.

"तुमाले विचारलं का मी? त्याले तोंड नाही का? सकाळी काय खाल्लं रे तू?"

"भात अन् वांग्याची भाजी," मागचा मुलगा म्हणाला.

"तुले कसं मालूम?"

"मी त्याच्या बाजूले राहतो न मॅडम. आता मीच सांगतो त्याचं सगळं. तो बोलत नाही. त्याचा आवाज ठेवून देल्ला हाय."

मी पेन खाली ठेवलं. आवाज ठेवून दिलाय म्हणजे काय? मी वर्गशिक्षकांकडे बघितलं. मास्तर बिचारे घसा खाकरून पुढे आले. हा आबाजींचा नातू. तीन वर्षं झाली, दंडारीत राणीचं सोंग हाच घेतो. राजा लढाईला निघतो तेव्हा राणी जे गाणं म्हणते, ते ऐकायला पलीकडच्या नदीकाठची माणसंसुद्धा येतात. यंदा दसऱ्याच्या सुमाराला पोराचा घसा जरा बसल्यासारखा झाला. तर आबाजींनी हुकूम काढला, मंडईपर्यंत बोलायचं नाही. रोजच्या बडबडीत आवाज खर्च होतो, तो वाचवून ठेवायचा आणि मंडईच्या दिवशी एकदम काढायचा.

"अन् तुम्ही ऐकून घेतलं?" माझा पारा चढला. "मास्तर, आवाज काय धान हाय का, कोठीत भरून ठेवाले?"

"आता काय करता मॅडम, गावाचा प्रश्न हाय," मास्तर म्हणाले. "मी बी त्याले वर्गात प्रश्न विचारत नाही. हजेरीले तो हात वर करते."

गावाने खरंच साथ दिली होती. त्याने बोट दाखवलं की किराणावाला तो डबा उघडायचा. एसटीचा कंडक्टर न विचारता त्याचं तिकीट फाडायचा. घरी आई रोज रात्री कोमट पाण्यात खडीसाखर विरघळवून द्यायची. ओठावर जे पिवळं फासलं होतं ते हळद आणि बेसन, कारण राणीला मिसरूड फुटायला लागली होती आणि ती मंडईआधी दबवायची होती. हे ऐकून माझ्यासोबतची सिस्टर तोंडाला पदर लावून बाहेर पळाली.

मला मात्र हसू आलं नाही, कारण मी त्या पोराचं तोंड बघत होते. पट्टीखाली उभं केलं तेव्हा तो इतर पोरांसारखा टाचा उचलत नव्हता. उलट गुडघे वाकवून लहान व्हायला बघत होता. दोन वर्षांपूर्वी मीच त्याला मोजलं होतं, तेव्हा तो माझ्या खांद्याला येत होता. आता मीच मान वर करून बघत होते. या वयात आधी पावलं आणि हात वाढतात, मग पाय लांब होतात, धड सगळ्यात शेवटी मागून येतं. म्हणून ही पोरं धडपडतात, ताटं पाडतात, दाराला डोकं आपटून घेतात आणि घरचे म्हणतात, लक्ष कुठे आहे तुझं. लक्ष असतं हो, पायच नवे असतात! मी त्याला मान वर करायला सांगितली. गळ्याची घाटी चांगली वर आली होती. मला जे समजायचं ते समजलं.

त्याला घेऊन मी हातपंपापाशी गेले. सगळ्यांना दिसू, पण ऐकू जाणार नाही अशी जागा. एक मुलगी पंप हापसत होती आणि तो पंप गाढवासारखा ओरडत होता, त्यामुळे आणखीच बरं झालं.

"आता बोल," मी म्हटलं. "माह्यापाशीच राहीन."

त्याने इकडे तिकडे बघितलं. तोंड उघडलं. "मॅडम, मले..." इथपर्यंत बासरी. "...काय झालं?" इथे रेडा. पंपाशेजारी चरणारी शेळी दचकून दोन पावलं मागे सरली. देवाशपथ सांगते, सरली.

पोराच्या डोळ्यांत पाणी आलं. मग जो बोलायला लागला तो थांबेना. इतक्या दिवसांचं साठलेलं सगळं वर-खाली, वर-खाली करत बाहेर आलं. चार दिवस गप्प बसल्यावर त्याने शेतात जाऊन, कोणी नाही असं बघून, राणीचं गाणं म्हणून पाहिलं होतं. बांधीतले, म्हणजे धानाच्या खाचरातले, बगळे उडाले. दुसऱ्या दिवशी परत गेला, आणखी जाड आवाज निघाला. मग मोबाइलवर शोधलं, तर त्यात घशाचे भयंकर रोग निघाले. तेव्हापासून रात्री झोप नाही.

"मी मरन का मॅडम?"

"मरत कायले? तुहा आवाज फुटला हाय, येवढंच. घशात आवाजाची पेटी राहते, ते मोठी होऊन राहिली. पाय वाढले, हात वाढले, तशी ते बी वाढली. सगळ्याच पोट्ट्यायची वाढते. काही महिने असा वर-खाली होईन, मंग बसन ठिकाणावर. तुह्या मास्तरचा बी फुटला होता, माह्या नवऱ्याचा बी फुटला होता, त्याचा त अजून बी धड नाही."

तो हसला. मग एकदम गंभीर झाला. "मंडईपर्यंत पयल्यासारखा होईन का?"

"नाही रे बापा. पयल्यासारखा आता होतच नाही."

हे ऐकून तो जेवढा रडला, तेवढा मरणाच्या भीतीनेही रडला नव्हता. मला वाटलं होतं, रोग नाही म्हटल्यावर उडी मारेल. पण त्याचं दुखणं वेगळंच होतं. आबाजी वर्षभर त्याच्याशी फारसं बोलत नाहीत. मंडईच्या आधी मात्र रोज संध्याकाळी ओसरीवर दोघं समोरासमोर बसतात, एक राजा, एक राणी, आणि आबाजी त्याला गाणं शिकवतात. चूक झाली तर शिव्या देतात, बरोबर झालं तर आपल्या ताटातला गुळाचा खडा देतात. यंदा ती बैठकही बंद होती, आवाज वाचवायचा म्हणून. राणी गेली की ते सगळंच गेलं.

"आबाजी मले दंडारीतून काढतीन," तो म्हणाला. "तुमी त्यायले सांगू नोका. मले वचन द्या."

मी वचन दिलं. देऊन बसले खरी! वर त्याला म्हटलं, "पन तू सांग. मंडईच्या आधी तूच सांग." त्याने मान हलवली. ती कोणत्या बाजूला हलवली ते मला नीट कळलं नाही.

त्यानंतरचे दिवस माझे कसे गेले ते माझं मला ठाऊक. घरात चकल्या, अनारसे, शेव, आणि माझ्या पोटात हे एवढं मोठं गुपित. सासू रोज विचारायची, "काय झालं गं तुले? चूप काहून हायेस? ताप आला का?" नवऱ्याने माझ्या कपाळाला हात लावून बघितला. मी कढईतल्या अनारशाकडे बघून पुटपुटत होते तेव्हा सासूने मीठ-मिरच्या आणून माझी दृष्ट काढली. मी तीही काढू दिली, पण बोलले नाही.

त्यात आबाजींचा दिवसाआड फोन. मिशांचा राग विसरून ते आता मला नर्सबाई म्हणायला लागले होते.

"नर्सबाई, ज्येष्ठमध देऊन राहिलो त्याले. चालते न?"

"चालते आबाजी."

"कंदी बोलाले लागला त बिघडन त नाही ना आवाज?"

"बोलल्यानं आवाज बिघडत नाही आबाजी. बोलू द्या त्याले."

"अन् तुमी तपासलं तवा... कसा वाटला?"

मी जीभ दातांखाली धरली. इतकी जोरात धरली की दुखली. "वाढ चांगली हाय पोराची," मी म्हटलं.

मग तो बारीक आवाज आणखी बारीक होऊन म्हणाला, "लयच चांगली हाय का?"

"तुमीच विचारा न त्याले."

"मी कसा विचारू? मीच त बोलू नोको म्हनलं हाय."

मी फोन ठेवला आणि अनारशाला शिव्या दिल्या.

भाऊबीज झाली आणि त्या गावची मंडई आली. मी सासूला घेऊन गेले. पोराने आबाजींना सांगितलंय की नाही, याचा काही पत्ता नव्हता. गावात शिरल्याबरोबर जिलेबीचा वास, फुग्यांच्या पिपाण्या, लाकडी गाड्या, बांगड्या, उसाच्या मोळ्या. पाळण्यात बसून पोरी किंचाळत होत्या. मला त्यातलं काही गोड लागेना. किराणावाला छाती फुगवून सांगत होता, "आज ऐकजा बाई, महिनाभराचा आवाज हाय!" म्हणजे सांगितलेलं नव्हतं.

दुपार कलल्यावर चावडीपुढे दंडार उभी राहिली. ढोलकी, डफ, टाळ. आबाजी राजा होऊन आले. पुठ्ठ्याचा सोनेरी मुकुट, डोळ्यांवर काळा गॉगल, हातात तलवार आणि मनगटावर घड्याळ. मिशा काय, त्या तर खऱ्याच होत्या. आबाजींनी लढाईची गर्जना केली आणि मागची माणसं ओरडली, "आवाज! मांगं ऐकू येत नाही!" आबाजींनी माइक ओठांना चिकटवला. तरी ती गर्जना पिपाणीसारखीच निघाली. म्हाताऱ्याचा आवाज वयाने बारीक झाला होता, हे गावाला कळत होतं, पण राजाला कोण सांगणार?

मग राणी आली. लोकांनी शिट्ट्या मारल्या. साडी मागच्या वर्षीचीच होती, ती पोटऱ्यांपर्यंतच आली होती आणि खाली ती दोन मोठाली पावलं. गंगावन, टिकली, गजरा. ओठावर पावडरीचा थर. राजाच्या शेजारी राणी उभी राहिली ती राजापेक्षा वीतभर उंच. बाया पदराआड हसायला लागल्या. पोराची नजर गर्दीत फिरली, मला शोधून थांबली. मी तिथून मान हलवली. आता माझी मान कोणत्या बाजूला हलली ते मला तरी कुठे कळलं!

ढोलकी सुरू झाली. राणीचं गाणं असं आहे, की राजा, लढाईला जाऊ नको. कारण काय, तर,

"नोका जाऊ राजा लढाईले,
धान उभा हाय बांधीत,
कोन घालन इळा त्याले,
कोन येईन माहेरा सांगात..."

पोराने तोंड उघडलं. "नोका जाऊ" वर गेलं, अगदी पूर्वीसारखं, आणि एक क्षण मलाही वाटलं, काय सांगावं, साठवलेलं असेलही! आणि "राजा" म्हणताना सगळं कोसळलं. रेडा. तोही दमदार, माइकशिवाय थेट पाळण्यापर्यंत पोचणारा. ढोलकीवाल्याचा हात चुकला.

मग एक जण खिंकाळला आणि सगळी मंडई फुटली. माणसं मांड्या बडवून हसत होती. पोरगा खांबासारखा उभा. पावडरीवरून पाणी ओघळत होतं. माझं डोकंच फिरलं. मी खुर्चीवर चढले आणि ओरडले, "हसता कायले रे? तुमचा फुटला नव्हता का? जलमतःच मिशा घेऊन आल्ते का सगळे?" तर लोक मलाच हसायला लागले. सासू माझा पदर ओढत होती, "उतर वं, पडशीन!"

तेवढ्यात आबाजींनी तलवार वर केली. हसणं हळूहळू थांबलं. दंडारीत राजाचा शब्द चालतो.

"रानीसाहेब," आबाजी म्हणाले, सोंगातल्याच ठसक्यात, "काहून थांबल्या?"

पोराने एकदा गर्दीकडे, एकदा आबाजींकडे बघितलं. आणि मग बोलला. सोंगातच बोलला, पण मला माहीत होतं ते सोंग नव्हतं. "महाराज, माहा आवाज फुटला. लय दिवस झाले. मी तुमाले भेऊन सांगतलं नाही. आता मले महालातून काढून टाका."

मी अजून खुर्चीवरच उभी होते. आबाजींनी गॉगल काढला. त्यांनी पोराच्या पायांकडे बघितलं, मग वर बघत बघत तोंडापर्यंत आले. बराच वेळ लागला, पोरगा उंच होता.

"मी तुह्याएवढा होतो तवा मीच रानी होतो," ते म्हणाले. आता ते राजासारखे बोलत नव्हते. "मंडईच्या दिवशी, ह्याच चावडीपुढं माहा आवाज फुटला. माह्या बापानं सगळ्यायसमोर गंगावन उपटलं, हातात टाळ देल्ले अन् मांगं उभं केलं. लगन होयेपर्यंत टाळ कुटले मी, तोंड बंद ठेवून." त्यांनी मुकुट काढला. टाचा उचलल्या, तेव्हा कुठे हात पोचला, आणि पोराच्या डोक्यावर ठेवला. "तुह्या हातात मी टाळ देनार नाही. जाय, आता लढाईले तू जाय. मी घरचा धान पाहतो."

आणि त्याचं गंगावन काढून स्वतःच्या डोक्याला लावलं. खांद्यावरचं उपरणं डोक्यावरून पदरासारखं घेतलं. मिशा तशाच. लोकांची हसून हसून पुरेवाट झाली. माझी सासू तर खाली बसली. "गजरा राहिला! गजरा!" असं बायांतून कोणीतरी ओरडलं, तर आबाजींनी पोराच्या कानामागचा गजरा काढून आपल्या कानामागे खोवला.

मग ढोलकीवाल्याकडे बघून त्यांनी मान हलवली आणि गायला सुरुवात केली. नोका जाऊ राजा लढाईले. जो आवाज राजाच्या गर्जनेला पुरत नव्हता, जो फोनवर मला आजीचा वाटला होता, तो या गाण्यात असा बसला की बस. बारीक, थरथरता, स्वच्छ. लोक आधी हसत होते. मग हसायचे राहिले. मिशावाली म्हातारी राणी राजाचा हात धरून सांगत होती, जाऊ नको, आणि राजा तिच्यापेक्षा वीतभर उंच, साडी नेसलेला, मुकुट घातलेला, नाक ओढत होता. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, मी पुसलंही नाही. राजाने उत्तर द्यायचं होतं. "येतो मी रानी, धान कापाच्या आंदी येतो!" पोराने म्हटलं. निम्मं बासरीत, निम्मं रेड्यात. पण मागच्या ओळीतून कोणीही "आवाज" म्हणून ओरडलं नाही.

दंडार संपल्यावर चावडीमागे आबाजी चहा पीत बसले होते. गंगावन, गजरा, मिशा, सगळं अंगावर. मला बघून त्यांनी बाजूची जागा थोपटली.

"नर्सबाई, तुमाले मालूम होतं."

"होतं आबाजी."

"मले बी मालूम होतं," ते म्हणाले. "दसऱ्यालेच. त्यानं मायले पानी मांगतलं अन् मी ओसरीवरून ऐकलं."

"मंग त्याले चूप कायले बसवलं?"

आबाजींनी बशीत चहा ओतला. "तो माह्यासमोर बोलला असता त मले म्हना लागलं असतं न, का तू आता रानी नाही. ते मले म्हनता येत नव्हतं बाई. म्हनून म्हनलं, बोलूच नोको."

त्यांच्या कानामागून घसरलेला गजरा मी नीट खोवला. तिकडे पोरगा साडी गुडघ्यापर्यंत खोचून, मुकुट घालून मंडईभर फिरत होता आणि दिसेल त्याच्याशी बोलत होता. जिलेबीवाल्याला भाव विचारला, घेतली नाही. पाळणेवाल्याशी हुज्जत घातली. मास्तर दिसले तर त्यांना हजेरी दिली. महिनाभराचं सगळं एका दुपारी काढून टाकायचा त्याचा विचार दिसत होता. मग तो आमच्याकडे धावत आला, त्याच्या नव्या पायांना बाक लागला आणि आबाजींच्या बशीतला चहा उपरण्यावर उडाला.

"आबाजी, चा सांडला तुमच्या पदरावर," तो म्हणाला, बासरीतून रेड्यात जात.

"सांडू दे बापा," आबाजी म्हणाले. "तू बोल."